एका कात्रणाचे दोन अर्जदार

रावसाहेब,

तुझ्या शोकसभेला बसायला जागा नव्हती. मी खांबाला टेकून उभा होतो आणि मला तुझा हेवा वाटत होता. सायखेड्याहून दोन टेम्पो भरून माणसं आली होती, पिंपळगावची वेगळी, आणि लासलगावच्या मार्केट यार्डातले हमाल कामाच्या कपड्यांतच आले होते. पत्रकाराच्या शोकसभेला नाशकात सहसा पहिल्या दोन रांगा भरतात, आणि त्यातल्या निम्म्यांना पुढे कुठल्या तरी उद्घाटनाला जायचं असतं. तुझ्या सभेतून कुणी उठेना. माझ्या वेळी कोण कोण येईल याचा मी तिथे उभ्या उभ्या विचार केला. तो फार वेळ चालला नाही.

फ्लेक्सवर तुला 'पत्रमहर्षी' केलं होतं. फोटोत तुझ्या डोक्यामागून किरणं सोडली होती. तू पाहिलं असतंस तर म्हणाला असतास, "महर्षीला दाढी तरी लावायची होती कॉम्प्युटरवर." वक्ते एकामागून एक सांगत होते की तुझ्या जाण्यानं पोकळी निर्माण झाली आहे. मला पोकळीबद्दल काही म्हणायचं नाही. मला एका कात्रणाबद्दल म्हणायचं आहे. ते मी चौदा-पंधरा वर्षं टाळत आलो आणि त्या दिवशी हातात माईक असतानाही टाळलं.

तुझा हेवा करायची सवय मला तुला पाहण्याआधीच लागली होती. तू नुसतं नाव होतास तेव्हा. मी नाशिकच्या आमच्या पेपरात नवा उपसंपादक, एम. ए. मराठी, शिपायाकडूनही नुसतं 'अहो मुकुंद' ऐकून घेणारा. आणि सायखेड्याच्या वार्ताहराला मात्र संपादकांपासून सगळे 'रावसाहेब' म्हणत. कुणीतरी वयस्कर, धोतरातला पाटील असणार असं मी धरून चाललो होतो. मग एका संध्याकाळी मळकी पँट घातलेला, माझ्याच वयाचा, काटकुळा माणूस कोथिंबिरीची जुडी घेऊन टेबलापाशी उभा राहिला. "मी रावसाहेब. बारशालाच ठेवलंय, मी काय मागितलं नव्हतं." जुडी माझ्यासाठी होती. घरच्या मळ्यातली. मी ती घेतली आणि तुला सांगितलं की तू वाक्यं फार लांब लिहितोस.

तुझ्या बातम्या एस.टी.नं यायच्या. आजच्या मुलांना हे सांगावं लागतं. गावोगावचे वार्ताहर बातमी लिहून पाकिटात घालत, पाकिटावर 'तातडीचे – बातमी' लिहीत आणि नाशिकच्या गाडीच्या कंडक्टरच्या हातात देत. कंडक्टर ते स्टँडवर आमच्या पेपरच्या पेटीत टाकायचा, संध्याकाळी शिपाई पेटी रिकामी करून आणायचा. कंडक्टरला एक अंक फुकट, एवढाच करार. एकदा तुझं पाकीट नाशकात उतरलंच नाही, त्याच गाडीनं परत सायखेड्याला आलं, आणि कंडक्टरनं ते तुला नवीन टपाल आल्यासारखं दिलं. त्या दिवसापासून तू प्रत्येक बातमीखाली कार्बन घालायला लागलास. एक प्रत पाकिटात, एक घरी पत्र्याच्या पेटीत. मला तेव्हा ते हास्यास्पद वाटलं होतं. कांद्याच्या भावाच्या बातमीची कोण नक्कल ठेवतो?

आमच्याकडे नाव छापायची पद्धत नव्हती. सगळं 'आमच्या प्रतिनिधीकडून'. बातमी पाठवणारा एक, लिहिणारा दुसरा, आणि वाचणाऱ्याला दोघंही माहीत नाहीत. तू सात पानं पाठवायचास, मी त्यांचा दीड कॉलम करायचो. तू यायचास तेव्हा आपलं भांडण ठरलेलं असायचं. बातमी कुणाची? तू म्हणायचास, जो जाऊन बघतो त्याची. मी म्हणायचो, बघायला म्हशीही बघतात, बातमी जो रचतो त्याची. "मग रच ना," तू म्हणायचास. "मी पंधरा दिवस काय पाठवत नाय, तू रच."

आणि मग ते पिंपळगावचं आलं. द्राक्षाच्या छाटणीचे दिवस होते. पेठ-सुरगाण्याच्या डोंगराकडची कुटुंबं कामाला खाली उतरलेली, आणि सकाळी चौकात उभी राहणारी. बागायतदार येतात, बघतात, माणसं निवडून गाडीत घालतात. तू चार सकाळी तिथे जाऊन उभा राहिला होतास आणि नऊ पानं पाठवली होतीस. ते छापून आलं त्याचं पहिलं वाक्य असं होतं: 'लासलगावात कांद्याचा लिलाव ओरडून होतो, पिंपळगावात माणसांचा न बोलता.'

जिल्ह्यात ते वाक्य गाजलं. पुढाऱ्यांनी भाषणात वापरलं, एका वकिलानं कोर्टात वापरल्याचं ऐकलं. संपादकांनी मला केबिनमध्ये बोलावून चहा पाजला. मी चहा प्यायलो. तुझ्या नावाचा उल्लेख झाला का, ते मला आठवत नाही. म्हणजे झाला नाही.

पुण्याच्या पत्रकारितेच्या मास्टर्सची जाहिरात आपण एकत्रच वाचली, स्टँडसमोरच्या हॉटेलात. तुझं म्हणणं होतं की आपल्याला काय येतं आणि काय येत नाही ते एकदा कुणीतरी तपासावं. मला तसली उत्सुकता नव्हती. मला पदवी हवी होती, भिंतीला लावायला नाही, संपादकांच्या तोंडावर मारायला. फॉर्म शेजारी शेजारी बसून भरले. 'अर्जदाराच्या प्रकाशित लेखनाची पाच कात्रणे, संपादकांच्या शिक्क्यासह' अशी अट होती. कुणी कुठली कात्रणं लावली हे मात्र एकमेकांना दाखवलं नाही. तू लाजून, मी लपवून.

आमच्या संपादकांचा शिक्क्यावर फार जीव. सहीला आलेला कागद ते वाचत नसत, तो कागदाचा अपमान समजत. त्यांनी तुझ्या पाच कात्रणांवर 'सदर लेखन अर्जदाराचे आहे' असं लिहून शिक्का मारला, आणि तासाभरानं माझ्या पाचांवर.

पुण्यात मुलाखतीला माझा नंबर तुझ्याआधी होता. विभागप्रमुख बाई मध्ये बसल्या होत्या, चष्मा साखळीला, आवाज हळू. त्यांनी टेबलावर दोन कागद माझ्याकडे फिरवून ठेवले. पिंपळगावचा चौक, आणि शेजारी पिंपळगावचा चौक. दोन्हींवर एकाच तारखेचा एकाच संपादकांचा शिक्का.

"यातलं एक तुम्ही लावलंय," बाई म्हणाल्या. "दुसरं बाहेर बसलेल्या एका उमेदवारानं. कुणाचं आहे?"

"माझं," मी म्हणालो. "वार्ताहर माहिती पाठवतो. लेखन डेस्कवर होतं."

"हे पहिलं वाक्यही डेस्कवर झालं?"

"हो."

"तुम्ही त्या चौकात कधी गेला होता?"

"गेलो नाही. जायची गरज नसते."

बाईंनी काहीतरी लिहून घेतलं. मी बाहेर आलो तेव्हा तू बाकावर फाइल मांडीवर घेऊन बसला होतास. तुला सावध करायला एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणालो, "सोपं आहे." आणि पाणी प्यायला गेलो.

मी खोटं बोललो असं तेव्हा मला वाटत नव्हतं, हे तुला माहीत असायला हवं. डेस्कवर काम करणाऱ्याच्या डोक्यात असंच होतं. दिवसाला दहा जणांची पानं हातांखालून जातात, आपण कापतो, हलवतो, जोडतो, आणि दुसऱ्या दिवशी छापलेलं वाचताना प्रत्येक वाक्य आपल्याच आवाजात ऐकू येतं. ते वाक्य माझ्या आवाजात इतकं नीट बसलं होतं की दुसऱ्या कुणाचं असेल अशी शंकाही आली नाही.

यादी लागली. तुझं नाव वरून चौथं. माझं प्रतीक्षायादीत दुसरं, आणि त्या वर्षी कुणीही जागा सोडली नाही. तू पेढे घेऊन आलास तेव्हा मी जे बोललो ते आता कागदावर लिहितो, कारण त्याची माफी मी मागितली नाही. मी म्हणालो, "तुला गावाकडचा म्हणून घेतलं."

तू पेढा तोंडात टाकलास. "असंल. मग तुला नाशिकचा म्हणून नाय घेतलं. फिट्टंफाट. चहा सांग."

तुझी हीच गोष्ट मला कधी जमली नाही. मी घालून पाडून बोलायचो आणि तू ते पावसाळ्यात ताडपत्रीवरून पाणी झटकावं तसं झटकायचास. पुढे चार दिवस मीच ओला राहायचो.

तू पुण्याला गेलास. मळा तुझ्या भावानं आणि मंदावहिनींनी धरला. सायखेड्याची पाकिटं मात्र येत राहिली. तू शनिवारी घरी येऊन आठवड्याचं लिहून ठेवत असशील असा माझा समज. आणि तुझी कॉपी बदलली होती. वाक्यं आखूड झाली, पानं दोनच, फालतू शब्द नाही. मला कापायला काही उरेना. चार महिन्यांनी तू भेटलास तेव्हा मी मोठ्या मनानं सांगितलं, "पुण्याचा फायदा झालाय. कॉपी सुधारली तुझी."

तू हसायचाच थांबेनास. "ती मंदा लिहिते रे. मला कुठला वेळ?"

म्हणजे मी तुझ्यावर जळत होतो तेव्हा खरं तर दहावी झालेल्या तुझ्या बायकोवर जळत होतो. वहिनींना विचारलं तर म्हणाल्या, "भाऊजी, मला पाणी भरायचं असतंय. लांब कुठून लिहू?"

दुसऱ्या वर्षी मी पुन्हा अर्ज केला. पण त्याआधी मी एक केलं, ते तुला कधी सांगितलं नाही. एका पहाटे पहिल्या गाडीनं पिंपळगावला गेलो आणि त्या चौकात जाऊन उभा राहिलो. ज्याच्याबद्दल मी लिहिलं असं सांगत होतो, ते एकदा बघावं म्हणून. माणसं टोळ्या करून बसली होती, बायका एका बाजूला, भाकरी फडक्यात बांधलेल्या. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. मला बघून एक म्हातारा उठून आला.

"किती माणसं पाहिजेत? छाटणीला का विरळणीला?"

मी म्हणालो, मला माणसं नकोत, मी नुसता बघायला आलोय.

त्यानं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि मागे वळून टोळीला म्हणाला, "बसा. हा मालक नाय. हात बघा त्याचे." सगळ्यांनी माझे हात पाहिले. मग एक पांढरी जीप आली, आतून एक बोट बाहेर आलं, तीन वेळा हललं, आणि तीन माणसं उठून मागे चढली. शब्द नाही. दुसरी गाडी आली, तिच्यातही बोटच. तासाभरात चौक रिकामा झाला.

गाडीत परत येताना मला एकच गोष्ट कळत होती, आणि ती नको होती. हे वाक्य टेबलावर बसून होणारं नव्हतं. तरी मी स्वतःला समजावलं की तुझ्या नऊ पानांत हे सगळं असणार, आणि त्या सगळ्यातून मी ते एक काढलं असणार. 'असणार' या शब्दावर मी बरेच दिवस काढले.

त्या वर्षी मुलाखतीत बाईंनी मला ओळखलं. "आता गेलात का चौकात?"

"गेलो," मी म्हणालो.

"छान. गेल्या वर्षी तुमच्या मित्रालाही मी तेच विचारलं होतं, कात्रण कुणाचं. काय म्हणाला, सांगितलं त्यानं?"

तू सांगितलं नव्हतंस.

"म्हणाला, मी गेलो नसतो तर त्याला लिहायला काही नव्हतं, आणि त्यानं काढलं नसतं तर कुणाला वाचायला काही नव्हतं. दोन जागा असतील तर दोघांना द्या."

मला प्रवेश मिळाला. आनंद व्हायला हवा होता. मी विभागाच्या पायऱ्यांवर बसलो आणि तुझ्यावर चिडलो. एखाद्यानं आपल्याला हरवावं इथपर्यंत ठीक आहे. हरवताना आपली शिफारसही करून ठेवावी, हे फार झालं.

मग एक वर्ष मी तुझा ज्युनिअर. ज्याची कॉपी मी कापायचो, त्याच्या नोट्स मी उतरवून घेत होतो. इंग्रजीत तू अडखळायचास, संदर्भग्रंथ मी तुला मराठीत करून सांगायचो. आणि ते ऐकून तू जे बोलायचास ते पुस्तकात नसायचं. संज्ञापनाची ती आकृती आठवते? प्रेषक, संदेश, माध्यम, ग्राहक, आणि मध्ये व्यत्यय. मी ती तुला अर्धा तास समजावली. तू ऐकून घेतलंस आणि पेन्सिलीनं नावं घातलीस. प्रेषक तू स्वतः, माध्यम कंडक्टर, ग्राहक गाव. "आन व्यत्यय तू." ती वही तू वर्गात फिरवलीस. तिकडचे काही जण मला पदवी मिळेपर्यंत त्याच नावानं हाक मारत होते.

कँटीनमध्ये तुझ्या भोवती मुलं बसायची. मी जगातलं अर्धं वाङ्मय वाचून गेलो होतो आणि तिथल्या पोरी तुला विचारायच्या, कांद्याचा लिलाव नक्की कसा होतो. तू टेबलावर उभा राहून करून दाखवायचास.

तू पदवी घेऊन गेलास. पहिला आलास, हे इथे एवढ्यासाठीच लिहितो की वक्त्यांनी ते सात वेळा सांगितलं आणि तू एकदाही सांगितलं नव्हतंस. पुण्याच्या पेपरांनी तुला बोलावलं. तू सायखेड्याला परत गेलास, मळ्यावर आणि पाकिटांवर. मला वाटलं, हा माणूस मुद्दाम करतोय. मला जे हवं होतं ते मिळवायचं आणि बांधावर ठेवून द्यायचं.

माझं शेवटचं वर्ष. बाई म्हणाल्या, प्रबंध कसा असावा ते बघायचं तर तुमच्या मित्राचा बघा, लायब्ररीत आहे. तू विषय काय घेतलास हे मी तुला विचारलं नव्हतं, जाणूनबुजून. शीर्षक होतं, 'पाठवलेली बातमी आणि छापलेली बातमी'. आत डाव्या पानावर तुझी कार्बन कॉपी, उजव्या पानावर छापलेलं कात्रण. एकूण साठेक बातम्या. माझं नाव कुठेच नव्हतं. मी 'उपसंपादक अ' होतो.

पिंपळगाव मी सगळ्यात आधी काढलं. तुझ्या नऊ पानांतली पहिली दोन चौकाच्या भूगोलाची होती. तिसऱ्या पानावर चहाच्या टपरीचं वर्णन, मग कुणाच्या तरी जीपचा रंग, आणि त्या जीपच्या खाली, परिच्छेदाच्या मधोमध, ते वाक्य. शब्द न् शब्द. मी त्यात काहीही केलं नव्हतं. उचलून वर ठेवलं होतं, बस.

खाली तुझी टीप होती. ती मला पाठ आहे, पण इथे देत नाही. तुझा सूर एवढाच होता की हे वाक्य आपण लिहिलंय हे वार्ताहराला छापून आल्यावर कळलं, आणि 'उपसंपादक अ' नसता तर कधीच कळलं नसतं. साठ बातम्यांत तू माझ्या चुका दाखवल्या होत्यास, बऱ्याच, आणि सगळ्या बरोबर. जिथे तुला मला खरंच पकडता आलं असतं, तिथे तू माझे आभार मानले होतेस.

मी प्रबंध बंद करून मागचं, कुणी कधी वाचायला नेला त्याचं कार्ड पाहिलं. वर्षभरात ते दोन्ही बाजूंनी भरलं होतं. माझा प्रबंध पुढे त्याच कपाटात लागला, 'मराठी अग्रलेखांतील उपमा-योजना'. काही वर्षांनी पुण्याला गेलो असता त्याचंही कार्ड बघून आलो. कोरं होतं. अग्रलेख कुणी वाचत नाही, त्यातल्या उपमा कोण वाचणार.

सायखेड्याला येऊन तुला सांगायचं ठरवलं होतं: वाचलं, कळलं, माझं चुकलं. आलोही. तू टोमॅटोला दोरी बांधत होतास. तू विचारलंस, "बाई काय म्हणत्यात?" मी म्हणालो, बऱ्या आहेत. मग आपण दोरीच बांधली.

त्यानंतर मी काय केलं ते तुला माहीत आहे, तरी मला लिहायलाच हवं. दोन हजारनंतर नाशकात पत्रकारितेचे संध्याकाळचे वर्ग सुरू झाले, मी शिकवायला लागलो. बातमीची सुरुवात कशी असावी या तासाला मी फळ्यावर ते वाक्य लिहायचो. पहिल्या वर्षी म्हणालो, 'आमच्या पेपरात आलेलं.' दुसऱ्या वर्षी, 'आमच्या डेस्कवर झालेलं.' तिसऱ्या वर्षी एका विद्यार्थ्यानं विचारलं, "सर, तुमचं आहे?" आणि मी खडू झटकला. नाही म्हणालो नाही. तेवढ्यानं काम होतं.

मग तुला पाहुणा म्हणून बोलावलं, आणि फळा पुसायचा राहिला होता. तू आत आलास, वाचलंस. पुढच्या बाकावरची मुलगी कौतुकानं म्हणाली, "सर, हे आमच्या सरांचं वाक्य."

तू पुन्हा वाचलंस, पहिल्यांदाच वाचत असल्यासारखं. "भारी हाय," म्हणालास. "तुमचे सर तेव्हा लय पहाटे उठायचे."

वर्ग हसला. मीही हसलो. तासभर तू पेटी आणि कंडक्टरांच्या गोष्टी सांगितल्यास, मुलं उठेनात. बाहेर आपण चहा घेतला. मी वाट बघत होतो. तू आता बोलशील, मग मला बोलावं लागेल, आणि एकदाचं संपेल. तू म्हणालास, भज्यांत मीठ कमी आहे.

तू का बोलला नाहीस हे मला अजून ठरवता आलेलं नाही. कधी वाटतं, तुला खरंच फरक पडत नव्हता. कधी वाटतं, मी बोलावं म्हणून तू थांबला होतास. पहिलं असेल तर मी तुझा हेवा करतो. दुसरं असेल तर तू माझ्याकडून जरा जास्तच अपेक्षा ठेवलीस.

परवा सभेत अध्यक्षांनी सगळ्यांत शेवटी माझं नाव पुकारलं. म्हणाले, "ज्यांच्या लेखणीतून 'माणसांचा न बोलता' हे अजरामर वाक्य उतरलं, ते रावसाहेबांचे परममित्र आता बोलतील." पहिल्या रांगेत वहिनी होत्या. पिंपळगावची माणसं होती. त्या चौकातलाही कुणी असेल. मी माईक घेतला आणि तुझ्या साधेपणावर आठ मिनिटं बोललो.

सभा संपल्यावर वहिनी पायऱ्यांवर भेटल्या. रडून झालं होतं त्यांचं; आवाज नेहमीचा.

"भाऊजी, एक विचारू? ते वाक्य कुणाचं म्हणून मी यांना एकदा विचारलं होतं. घरात कार्बनची प्रत हाय, मी वाचलेली. तर म्हणाले, मुकुंदाला विचार."

मी खिशात रुमाल शोधायला लागलो.

"म्हणून विचारते. कुणाचं?"

तेवढ्यात अध्यक्ष हात जोडत आले, वहिनींना गाडीपर्यंत सोडायला चार जण पुढे झाले, आणि माझी सुटका झाली. वहिनी गाडीत बसताना वळून माझ्याकडे बघत होत्या. रागानं नाही. पाकीट आलं की नाही, असं विचारल्यासारखं.

वहिनींना उत्तर पाठवायचं म्हणून हे लिहायला बसलो, आणि लिहिताना तुझ्याशीच बोलत राहिलो. हे आमच्या पेपरात छापून येईल, या वेळी माझ्या नावासह, म्हणजे नाकारायची सोय राहणार नाही. ते वाक्य तुझं आहे. माझी मास्टर्सची पदवी, वर्गातला तो तास, संपादकांचा तो चहा, सगळ्यात ते वाक्य माझ्या नावावर फिरलं आणि मी फिरू दिलं. सोमवारी वर्ग आहे. फळ्यावर ते लिहीन आणि खाली तुझं नाव लिहीन, पूर्ण, आडनावासकट. गावाकडचा म्हणून घेतलं असं मी म्हणालो होतो, तेही मागे घेतो. तू वरून चौथा होतास. पहिला असायला हवा होतास.

एवढं कबूल केल्यावर मन हलकं होतं असं लोक सांगतात. माझं झालेलं नाही. कारण ते तिसऱ्या पानावर होतं, रावसाहेब. चहाची टपरी आणि जीपचा रंग यांच्या खाली. तुझ्या हातून ते उतरलं, तू पुढे गेलास, आणखी सहा पानं लिहिलीस, कार्बन पेटीत ठेवलास आणि टोमॅटोला पाणी द्यायला गेलास. मी आयुष्यभर टेबलाशी बसून तसलं एक वाक्य यावं म्हणून वाट पाहिली; आलं असतं तर त्याच्यापुढे मी दुसरं काही लिहिलंच नसतं. आणि तुला, ते आलंय, हे कळलंसुद्धा नव्हतं.